तांब्याभर कोमट पाणी

भाची न्यू जर्सीला परत जायच्या आदल्या रात्री तिची बॅग दीड किलोनं जास्त भरली. तिनं फरशीवर फतकल मारली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. भाजणी आत राहिली, लिंबाचं गोड लोणचं राहिलं, मेतकूट राहिलं. बाहेर आली ती तिकडूनच येताना आणलेली एक बाटली. फिकट पिवळी, गुळगुळीत, तळहातात मावेल अशी. "मावशी, ही तू वापर. नवी आहे, उघडलीसुद्धा नाही. पायांचं शेव्हिंग क्रीम आहे. वास बघ ना," असं म्हणून ती दुसऱ्या कप्प्याकडे वळली.

मी बाटली हातात घेऊन उभी राहिले. माझं वय ५८. पायांवरचे केस मी आयुष्यात कधी काढले नाहीत असं नाही. कॉलेजात असताना लोशन लावलं, लग्नाआधी पार्लरमध्ये जाऊन वॅक्स केलं, पुढे अधूनमधून करत राहिले आणि चाळिशीनंतर सोडून दिलं. पण वस्तरा कधी लावला नाही. आमच्या घरात बाईच्या अंगाला वस्तरा लागायचा नाही. हा नियम कुणी मोठ्यानं सांगितलेला मला आठवत नाही, तरी तो पक्का होता. मी विचारलं की एकच उत्तर मिळायचं : केस राठ येतात. खरं उत्तर मला यंदा ऑगस्टमध्ये मिळालं आणि ते या बाटलीमुळेच मिळालं. म्हणून हा लेख.

भाची मे महिन्यात गेली. जूनच्या पहिल्या रविवारी मी बाटली उघडली.

बाटलीवरच्या सूचना चार ओळींच्या होत्या : त्वचा ओली करा, क्रीम लावा, केस काढा, धुवा. त्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वरून अखंड पाणी पडणारा शॉवर असावा, किंवा ज्याच्या काठावर पाय ठेवता येईल असा टब. माझ्याकडे बादली, तांब्या आणि प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल. मी स्टुलावर बसले, उजवा पाय उलट्या ठेवलेल्या रिकाम्या बादलीवर टेकवला आणि गुडघ्यापासून खाली कोमट पाणी सोडलं. मग थांबले. ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की सगळी मेख या थांबण्यात आहे. दोन-तीन मिनिटं पाणी मुरू द्यायचं, घाई करायची नाही.

त्याचं कारणही त्यांनी नीट समजावून सांगितलं. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. कोरडा केस तारेसारखा चिवट असतो. पाण्यात भिजला की तो फुगतो, त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते आणि तो मऊ पडतो. मग पात्याला जोर कमी लागतो. पातं तर पोलादाचं, त्याला केसाची काय मातब्बरी, असं मला वाटायचं. पण २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात यावर एक निबंध छापला आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पातं आणि केस समोरासमोर ठेवून त्यांनी पाहिलं. केस पोलादाहून जवळजवळ ५० पट मऊ, तरी तो वाकला आणि पात्याला तिरका भिडला की पात्याच्या धारेचा बारीकसा टवका उडतो. आपण म्हणतो पातं बोथट झालं. खरं तर त्याची धार जागोजागी फुटलेली असते. हे वाचल्यापासून मी तीन मिनिटं घड्याळ लावून मोजते.

क्रीमला फेस नव्हता. दाढीच्या डब्यातून येणाऱ्या फसफसणाऱ्या ढिगाची मला सवय. नवऱ्याच्या गालांवर तो इतकी वर्षं पाहिलेला. हे क्रीम सायीसारखं होतं. बोटांनी पसरलं की पायावर पातळ, दुधी थर बसायचा आणि त्यातून खालची कातडी दिसत राहायची. हा त्याचा मोठा गुण. कुठे हात फिरला, कुठे राहिलं हे कळतं. तीळ कुठे आहे, फुगलेली शीर कुठे आहे हे दिसतं आणि पातं तिथे जपून नेता येतं. माझ्या उजव्या नडगीवर इंचभर लांबीचा एक व्रण आहे. सातवीत असताना वाड्याच्या दगडी पायऱ्यांवरून पडले होते. तो व्रण मी किती वर्षांनी पाहिला! रोज आंघोळ करते, रोज पायावर पाणी ओतते, पण पाहणं झालं नव्हतं. घोट्याच्या आतल्या बाजूला निळ्या शिरांची जाळी उमटली आहे, हेही त्या दिवशी कळलं.

आणि वास. व्हॅनिलाचा वास. कोमट पाण्याच्या वाफेनं तो न्हाणीघरभर झाला. मला तो आवडला, हे सरळच सांगते.

कारण या कामाच्या वासाची माझी जुनी आठवण फार वेगळी आहे. १९८५-८६च्या सुमारास मोठ्या बहिणीनं केस काढायचं लोशन आणलं होतं. ती आणि मी न्हाणीघराला आतून कडी घालून ते लावायचो. चमच्याएवढ्या प्लॅस्टिकच्या फळीनं खरवडून काढायचो. भरपूर पाणी ओतायचो, उदबत्ती लावायचो, खिडकी उघडायचो, तरी तो वास बाहेर जायचाच. कुजकट, गंधकासारखा. ओसरीवरून काकू म्हणायची, "झालं का गं तुमचं?" आणि आम्ही दोघी मेल्याहून मेल्यासारख्या व्हायचो. डॉक्टरबाईंनी सांगितलं, तो वास खरोखर गंधकाच्या संयुगांचाच. लोशनमधलं थायोग्लायकोलेट केराटिनमधले गंधकाचे दुवे तोडतं, म्हणून केस विरघळल्यासारखा होऊन निघतो. त्यासाठी लोशन तीव्र अल्कधर्मी ठेवावं लागतं, बारा पीएचच्या आसपास. आपल्या त्वचेचा वरचा थर मात्र पाचच्या आसपास, किंचित आम्ल. वेळेचा अंदाज चुकला की पाय भाजतात. बहिणीच्या पोटरीवर एकदा रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. तो तिनं महिनाभर मोजे घालून लपवला.

हा मार्ग काही विलायतेतून आलेला नाही. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या उपचारांमध्ये केस काढण्याची क्रिया सांगितली आहे. जखमेभोवतीचे केस वस्तऱ्यानं, कात्रीनं किंवा चिमट्यानं काढावेत असं म्हटलं आहे आणि पुढे लेपही दिला आहे : शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटून. शंख म्हणजे चुना, हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. हजारो वर्षांपूर्वी वैद्यानं नेमका गंधकच हुडकून काढला होता. आर्सेनिकही त्याच्याबरोबर आलं, म्हणून हा लेप आज कुणी करून पाहू नये.

घरात मात्र याहून सौम्य परंपरा होती. आमच्याकडे बाळाची लव काढायला डाळीच्या पिठात साय कालवून त्याचे गोळे अंगावर फिरवत. पायांना वज्री असे, टाचेच्या भेगांना कोकमतेल असे. कोकणातल्या मामीकडून त्याचे पिवळट, मेणासारखे गोळे यायचे. तो गोळा आई दिव्यावर धरून पाघळवायची आणि थेंब थेंब भेगेत सोडायची. आणि दिवाळीत उटणं. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी. अंगाला आधी तेल, मग खरखरीत सुगंधी चूर्ण, मग ऊन पाणी. सुगंध, स्निग्धपणा आणि घासणं ही तिन्ही आपल्याकडे वर्षातून एका पहाटे एकत्र येत आणि त्या पहाटे पायांनाही वाटा मिळे. एरवी पाय म्हणजे बाहेरून आल्यावर धुवायची वस्तू.

बाटलीच्या मागचा मजकूर मी भिंग घेऊन वाचला. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. पहिलं पाणी. मग स्टिअरिक ॲसिड, हे मेदाम्ल. त्याचा काही भाग अल्कलीशी मिळून सौम्य साबण होतो आणि उरलेला क्रीमला घट्टपणा देतो. मग ग्लिसरीन, जे पाणी धरून ठेवतं. पुढे शिआ बटर. पश्चिम आफ्रिकेत घाना, बुर्किना फासो या भागांत हे झाड वाढतं. बायका त्याच्या बिया वेचतात, फोडतात, भाजतात, वाटतात आणि पाण्यात घुसळून लोणी काढतात. ते वाचताना मला मामीचे कोकमाचे गोळे आठवले. तिकडे शिआ, इकडे कोकम. दोन्ही बियांतून निघणारी, एरवी घट्ट राहणारी, उबेनं पाघळणारी. अमेरिकी बाटलीत शिआ आलं याचं नवल नाही. पण कोकमाचं लोणी घातलेलं पायांचं असं क्रीम सावंतवाडी-मालवणकडच्या एखाद्या बचत गटानं करून विकलं तर मी पहिली गिऱ्हाईक होईन.

पायांना एवढ्या ओलाव्याची गरज का? चेहऱ्यावर तैलग्रंथी दाटीनं असतात, नडगीवर फार विरळ. म्हणून थंडीत आधी नडगीच उकलते, पांढुरकी होते, नखानं रेघ ओढली तर उठते. त्यात पातं केसांबरोबर त्वचेचा सर्वांत वरचा, मेलेल्या पेशींचा थरही खरवडून नेतं. वय वाढलं की ही कोरड आणखी वाढते. डॉक्टरबाई म्हणाल्या, दाढीचा पुरुषी फेस बाईनं पायाला लावला म्हणून काही बिघडत नाही. पण ज्याची त्वचा आधीच कोरडी आहे त्याला फुसफुशीत फेसापेक्षा दाट क्रीम बरं. घरात काहीच नसेल तर केसांचं कंडिशनर लावा, असंही त्यांनी सांगितलं. आंघोळीच्या साबणाची वडी मात्र नको.

हे मला तपासून पाहायचं होतं. म्हणून दहा आठवडे मी एक प्रयोग केला. दर रविवारी उजव्या पायाला क्रीम, डाव्या पायाला साबणाचा फेस. पाणी तेच, रेझर तोच, थांबण्याची वेळ तीच. वहीत नोंदी ठेवल्या. डाव्या पायाला संध्याकाळपर्यंत खाज सुटायची आणि नडगीवर राखेसारखी भुरकट झाक यायची; रात्री तेल लावल्याशिवाय झोप लागत नसे. उजव्या पायाला पहिल्या दिवशी तेल लागलंच नाही, दुसऱ्या दिवशी लागलं. म्हणजे क्रीम ओलावा आणतं, पण त्याची पुण्याई दिवसभराचीच. धुऊन टाकायच्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. डाव्या पायाला एकूण चार वेळा कापलं, उजव्याला एकदा, तेही घोट्याच्या खोबणीत, माझ्याच घाईनं. सहाव्या आठवड्यात मध्येच खोबरेल तेल लावून पाहिलं. पातं सरकलं छान, पण केस आणि तेल मिळून पात्यांच्या फटीत असा लगदा बसला की टूथब्रशनं काढावा लागला. वास टिकण्याबद्दल मात्र बाटलीवरचा दावा फुगवलेला निघाला. पाय पुसून झाल्यावर जेमतेम अर्धा तास. मग नाक गुडघ्याला लावलं तरी काही नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो वास न्हाणीघरातल्या त्या पंधरा मिनिटांचा होता.

गुडघा आणि घोटा यांबद्दल चार शब्द जास्त लिहायला हवेत, कारण कापतं ते तिथेच. गुडघा वाकवला की कातडी ताणली जाते. म्हणून वाटीवरून पातं न्यायचं ते पाय दुमडून, आणि गुडघ्याच्या मागे न्यायचं ते पाय सरळ करून. पहिला हात केसांच्या दिशेनं, वरून खाली. गुळगुळीतपणा हवाच असेल तर क्रीम पुन्हा लावून दुसरा हात उलटा. ज्यांचे केस कुरळे आणि जाड, त्यांनी उलटा हात टाळावा. कापलेलं टोक त्वचेच्या आत वळतं आणि पुळ्या येतात. दाबायचं अजिबात नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की पाच ते सात वेळा वापरल्यावर पातं बदलावं. मधुमेहाच्या रुग्णांनी तर या कामात फारच जपावं. पायाची संवेदना कमी झालेली असली तर कापलेलं कळत नाही आणि कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते. रेझर कुणाचा कुणी वापरू नये, सख्ख्या बहिणीचाही नाही. रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातून हिपॅटायटिस बी, सी पसरू शकतात. आणि सुवास असलेली कुठलीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावी. बाटलीवर 'परफ्यूम' हा एक शब्द असतो, त्याच्या पोटात कित्येक द्रव्यं असू शकतात. लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल यांची ॲलर्जी पुष्कळांना असते. युरोपीय संघानं २००३च्या नियमानं अशी २६ द्रव्यं वेष्टणावर नावानिशी लिहिणं सक्तीचं केलं आणि २०२३ साली ती यादी ८०च्या वर नेली. ग्राहकाला नाव कळणं हा त्याचा हक्कच आहे. आपल्याकडेही ते व्हावं असं मला फार वाटतं.

जुलैत मी तुळशीबागेत गेले. पुण्याच्या बायकांच्या शृंगाराचं भांडार ते. टिकल्यांच्या पाकिटांपासून कंगव्यांपर्यंत सगळं तिथे. 'पायांचं शेव्हिंग क्रीम आहे का', हे विचारताना माझाच आवाज खाली गेला. विक्रेता तरुण होता, त्यानं मान वर न करताच विचारलं, "काकू, रेझरसोबत हवंय का नुसतं?" आणि तीन प्रकार पुढ्यात ठेवले. गुलाब, पीच, कोरफड. माझ्या शेजारी दोन कॉलेजच्या मुली झाकणं उघडून वास घेत होत्या. कुणाचा आवाज खाली गेला नव्हता. रंगीत रेझर टांगलेले होते, गुलाबी, जांभळे. निळ्या पुरुषी रेझरपेक्षा गुलाबी महाग का, असं मी विचारलं. त्यानं मनापासून उत्तर दिलं : "लेडीजचा आहे ना!" न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्यानं २०१५ साली जवळजवळ ८०० वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या होत्या. बायकांसाठी म्हणून विकली जाणारी वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाली, आणि साबण-शाम्पू-रेझर या गटात १३ टक्के. २०२० साली न्यूयॉर्क राज्यानं असा भेद करायला कायद्यानं बंदी घातली. मी निळा रेझर घेतला. तेव्हापासून तोच वापरला, पाती तेवढी बदलली. गुलाबीत वेगळं काय असतं ते मला अजून कळलेलं नाही.

अमेरिकेतही हे सारं फार जुनं नाही. किंग जिलेटच्या सुरक्षित रेझरला तिथलं पेटंट मिळालं १९०४ साली. १९१५मध्ये त्याच कंपनीनं बायकांसाठी 'मिलेडी' रेझर आणला, तो काखेसाठी. बाह्या गेल्या होत्या, घागरे अजून लांब होते. मग घागरे वर गेले. १९४०च्या मे महिन्यात नायलॉनचे मोजे तिथल्या दुकानांत आले आणि झुंबड उडाली. दोन वर्षांत युद्ध आलं, नायलॉन पॅराशूटकडे वळलं आणि मोजे मिळेनासे झाले. उघड्या पायांना मोजे घातल्यासारखं दाखवण्यासाठी बायका पायांना रंग लावू लागल्या, काही जणी तर पोटरीवर मागून पेन्सिलनं शिवण रेखत. रंग नीट बसायचा तर केस नकोत. असं ते अंगवळणी पडलं. बाटलीतल्या त्या सायीमागे हा इतिहास आहे : कापडाचा, बाजाराचा, जाहिरातीचा.

आपल्याकडे पाय झाकलेले होते, साडीत, परकरात, सलवारीत. केस काढायची गरज उशिरा आली आणि पार्लरच्या मार्गानं आली. सदाशिव पेठेतल्या एका पार्लरमालकीणबाईंकडे मी जाऊन बसले. तीस वर्षांचा धंदा. सुरुवातीला त्या साखर, लिंबू आणि पाणी गॅसवर आटवून घरीच वॅक्स करायच्या, जुन्या जीन्सच्या पट्ट्या कापायच्या. "तेव्हा बायका लग्नाच्या आधी यायच्या आणि मग एकदम मुंजीला," त्या म्हणाल्या. आता मुली दर महिन्याला येतात, आणि कित्येक येतही नाहीत, घरी रेझर फिरवतात. याचा त्यांना राग नव्हता, काळजी होती. "ताई, एकदा पातं लावलं की खुंट राठ येतात. मी सांगून थकले."

पुन्हा तेच. म्हणून याचं उत्तर इथे नोंदवून ठेवते. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस जमवून, मोजून पाहिले. केसाची जाडी वाढली नाही, वाढीचा वेग वाढला नाही, रंग बदलला नाही. केसाचं मूळ त्वचेच्या खाली असतं. वर पातं फिरलं हे त्याला कळायचं कारण नाही. नैसर्गिक केसाचं टोक निमुळतं असतं, पात्यानं ते सपाट कापलं जातं, म्हणून उगवताना हाताला खरखरीत लागतं. एवढंच. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तरी ही समजूत तसूभर हललेली नाही. पार्लरच्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "पण आमच्या घरीसुद्धा वस्तऱ्याला नाहीच म्हणायच्या हो."

त्यांच्याही घरी! मी ते वाक्य घरी घेऊन आले.

माझी आई ८४ वर्षांची आहे. वाईजवळच्या गावात तिचं लहानपण गेलं. ऑगस्टमधल्या एका दुपारी ती माझ्याकडे राहायला आली असताना तिनं न्हाणीघराच्या फळीवर बाटली आणि रेझर पाहिला. काही बोलली नाही. रात्री जेवण झाल्यावर म्हणाली, "तू वस्तरा लावतेस पायाला?" मी हो म्हटलं. केस राठ येतात, असं ती म्हणेल अशी माझी तयारी होती, ट्रॉटरबाईंसकट. ती म्हणाली, "आजीच्या वेळी तांब्या मी धरायची."

मग तिनं सांगितलं. तिची आजी पंचविशीच्या आत विधवा झालेली. आईनं तिला पाहिलं ते लाल आलवणातच. दर पंधरा दिवसांनी न्हावी यायचा, पुढच्या दारानं नाही, परसातून. आजी न्हाणीजवळ पाटावर बसायची, तोंड भिंतीकडे करून. घरातल्या सुना आत निघून जायच्या. सात-आठ वर्षांची नात, म्हणजे माझी आई, तिच्या हातात तांब्या असायचा. न्हावी म्हणाला की पाणी ओतायचं. साबण नाही, तेल नाही. थंडीत पाणीही गारच. ऊन पाणी मागायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचूनही कुणी मागितलं नाही. आईला दोनच गोष्टी स्वच्छ आठवतात. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजल्याचा आवाज, आणि डोक्यावरून मानेवर उतरणारं ते पाणी आजीनं एकदाही पुसलं नाही.

मी नंतर तारखा जुळवल्या. हे १९४८-४९चं असणार. त्याच्या सुमारे साठ वर्षं आधी, १८९० साली, मुंबईत नाभिकांनी संप केला होता की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे असं मी मानते. पुढे अण्णासाहेब कर्वे झाले, हिंगण्याचा आश्रम झाला. आणि तरी साठ वर्षांनंतर वाईजवळच्या त्या परसात एक मूल तांब्या धरून उभं होतं.

आमच्या घरातला नियम तिथून आला. आईनं तो कधी शब्दांत मांडला नाही, कारण मांडायचा तर आजीचं सगळं सांगावं लागलं असतं. मग एक सोपं कारण पुढे केलं गेलं, केस राठ येतात. पार्लरच्या बाईंच्या घरी काय झालं असेल ते मी विचारलेलं नाही. पुन्हा जाईन तेव्हा विचारायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या पायांना तेल लावत होते. तिच्या नडग्या कागदासारख्या झाल्या आहेत, केस तर कधीच गेले. वय झालं की पायांवरचे केस आपोआप विरळ होतात. ती म्हणाली, "ते तुझं वासाचं लाव की थोडं." मी म्हटलं, अगं, ते लावून धुवायचं असतं, त्याच्यानं काही होणार नाही. "लाव गं," ती म्हणाली.

मग तिला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं. बादलीत ऊन पाणी सोडलं, हात घालून पाहिलं, थोडं गार मिसळलं. तिच्या पायांवर क्रीम लावलं. तिनं बोटावर घेऊन वास घेतला, परत घेतला. "आईस्क्रीमसारखा आहे," असं म्हणाली आणि पाय हलवून पाहत राहिली. मी तांब्यानं पाणी ओतलं. घोट्यापर्यंत, मग बोटांवर, मग परत गुडघ्यापासून. तिनं घाई केली नाही आणि मीही नाही.

टॉवेल घ्यायला वळले तेव्हा तिनं फळीवरचा रेझर उचलला होता. उलटसुलट करून पाहिला, पात्यावरची टोपी नखानं दाबून पाहिली. मग तळहातावर ठेवून तो वर-खाली केला, वजन करावं तसा.

"एवढासाच?" ती म्हणाली. "हलका आहे गं."